उगारलेली काठी

मंगळवार, संध्याकाळ

तळहातांवर फोड आले. पाळीतल्या बायांना गावाबाहेर बसवतात ते कुर्माघर आज मी कुऱ्हाडीनं फोडलं. महिला मंडळाच्या बाया भिऊन आल्याच नाईत. नणंद त्याच झोपडीत साप चावून मेली, आणखी किती मरू द्यायच्या?

भासऱ्यानं, नवऱ्याच्या मोठ्या भावानं, काठी उगारली, मागं सारे पुरुष. मी ओरडली, "मले पाळी आली हाये! कोन शिवते, ये!" काठी तशीच वर राहिली. सारे मागं सरले. मी घाव घालत गेली, छप्पर कोसळलं.

ज्या विटाळावर थुंकते, त्याच्याच आडून वाचली. ती काठी डोळ्यांपुढून जात नाई.

पाळी नव्हतीच. सासूले ठाऊक होतं, तरी गप्प राहिली. आता माझ्या फोडांना हळद लावता लावता म्हणाली, "कुर्माघराचा खांब उभाच हाये. उद्या मीबी येते."