हिरवी पूड

बेंगळूर, १६ जुलै १९९६

प्रिय सुखदा,

माहेरच्या ताक-भातानं अंगात जोर आला का गं? तू नागपूरला जाण्याआधी चंद्राबाईंना कामावरून काढलंस. त्यांनी अळंबीच्या रश्शात शिळा नारळ वाटला आणि तुला सलाईन लागलं, असंच आपण धरून चाललो. त्याबद्दलच लिहायचंय, पण आधी रानाचं सांगते.

परवा रविवारी एकटीच कॅमेरा घेऊन तुरहळ्ळीच्या रानात गेले. काय सांगू तुला, एका सडक्या ओंडक्यावर अळंबीच्या नखाएवढ्या केशरी वाट्याच वाट्या! चिखलात पालथी पडून रोलच्या छत्तीसातले अकरा फोटो त्यांच्यावरच उडवले. कपड्यांचं काय झालं ते विचारू नकोस.

मग कडेच्या गवतात तीच अळंबी दिसली, गेल्या महिन्यात आपण पिशवीभर आणलेली, पांढरी, तपकिरी खवल्यांची. तेव्हा मी नुसता वरून फोटो काढला होता आणि पुस्तकातल्या चित्राशी ताडून ‘ही खायची’ म्हणून मोकळी झाले होते. या वेळी खाली आरसा धरून पोटाचाही फोटो घेतला. तिथल्या पडद्यांवर हिरवट झाक होती. मग माझ्यातली जीवशास्त्राची बाई गप्प बसते होय! एक छत्री घरी आणून पांढऱ्या कागदावर ठेवली, वर पातेलं झाकलं. काल सकाळी कागदावर बीजाणूंची हिरवी पूड पडलेली. कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन जाडं पुस्तक काढलं. खायच्या जातीची पूड पांढरी असते. हिरवी पूड टाकणारी विषारी.

येताना भाजीच्या गाडीपाशी चंद्राबाई भेटल्या. राजाजीनगरात आता त्यांना कुणी स्वयंपाकाला ठेवत नाही. तक्रार केली नाही. एवढंच म्हणाल्या, “नारळ मी ताजाच फोडला होता, अक्का. त्यांना तेवढं सांगा.” मला मान वर करवेना.

तो कागद सोबत पाठवतेय. पण त्यावर अर्धंच आहे. त्या दुपारी मी ताटावर बसले नाही, संकष्टी आहे म्हणाले. संकष्टी नव्हती, सुखदा. चंद्राबाई चिरत होत्या तेव्हाच मला शंका आली होती. पण एवढं मिरवून आणल्यावर ‘मला नक्की ठाऊक नाही’ म्हणायची लाज वाटली. स्वतःपुरता उपास बरा सुचला, तुला मात्र वाढू दिलं. आधी त्यांना परत बोलाव. माझ्याशी बोलायचं की नाही, ते मग ठरव.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
प्रेमा