जिन्यातला दिवा

गुरुवार, संध्याकाळ. परळ.

चाळीपुढच्या मैदानात घरमालकाचं गोदाम होऊ नये म्हणून निवृत्तीत म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीला उभी राहिले. आज रात्री माझी प्रचारसभा. दुपारी घरमालकाचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "बाई, जिन्यात अंधार असतो. जपा."

"मग दिवे लावा, मेल्यांनो!"

हसला. तासाभरात जिन्यातला होता तो दिवाही काढून नेला.

कॉन्व्हेंट शाळेत मदर सुपीरियरना उलट उत्तरं देणारी मी, कडी लावून बसले आहे? संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात लाठ्या चालल्या, तेव्हाही मागे हटले नव्हते. पण तेव्हा एकटी नव्हते.

शेजारच्या मालवणी काकी दाराबाहेरून ओरडताहेत, "बाईनू, सभेक चला! आमी सगळ्यो कंदील घेवन जिन्यार तांदूळ निवडूक बसलंव."

कडी काढते. कंदिलांच्या उजेडात जिना उतरते.