दाराखालचा टॉवेल

ता. ४ मार्च

चि. ठमीस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

सगळ्यात आधी खालच्या औषधवाल्याची मुलगी आली. तिच्यामागून लिफ्ट दुरुस्त करणारा एक दाढीवाला, आणि शेवटी धापा टाकत बँकेतल्या एक बाई, तुझ्या आईच्या वयाच्या. तीन तऱ्हांची तीन माणसं, पण वेड एकच. तू ज्या गेमची चित्रं काढतेस, त्याचा तो ट्रेलर म्हणे ह्यांनी शंभरदा पाहिलाय. त्यात एक बंद दार आहे आणि दाराखालच्या फटीत निळा टॉवेल कोंबलाय. औषधवाला गोळ्या द्यायला वर येतो ना, त्याने ओळखलं की हे तर आजींच्या घरातलं दार. झालं, पलटण हजर.

मुलगी म्हणते, दारामागे विषारी धूर आहे. बाई म्हणतात, छे, पाणी भरलंय. दोघी अशा भांडल्या की जमिनीच्या वाटण्या परवडल्या. मला तर चहा करताना हसू आवरेना. घरात इतका आवाज किती दिवसांनी झाला गं. दाढीवाला मात्र हळूच म्हणाला, की भीती वाटते त्या गोष्टीला कोणी मऊ टॉवेलने अडवत नाही. आतलं काहीतरी निघून जाऊ नये म्हणून कोणीतरी जपतंय.

मी बशा पुसत बसले. त्यांना काय सांगू? तुझ्या नोकरीला धक्का नको. कळव.

तुझी आजी


ता. १३ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

नोकरीला काही होत नाही. खरं ते सांगून टाक, की आजोबांच्या खोलीतून गार वारा येतो म्हणून तू टॉवेल लावतेस. मला एक दार काढायचं होतं आणि तेच पाठ होतं, एवढंच. इथे जेवणाच्या सुट्टीत सगळे त्यावरून वाद घालतात. मी आपली खिडकीशी बसून डबा खाते.

आणि आजी, पुन्हा तेच. आजोबा गेले, त्यांची पुस्तकबांधणी थांबली, त्याला सहा वर्षं झाली. ती खोली भाड्याने दे, तुला सोबत होईल. वाऱ्याचं निमित्त आता पुरे.

तुझी ठमी


ता. २४ मार्च

चि. ठमीस आजीचे आशीर्वाद. वि. वि.

वारा खोटा होता. ती खिडकी उघडतच नाही, मग वारा कुठला? ह्यांचा वास, खळीचा आणि कातड्याचा, त्या खोलीत उरला होता. तो जाऊ नये म्हणून टॉवेल. तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि इतक्या लांबून मी डोळे कसे पुसणार?

काल तिघं आली तेव्हा सांगितलं. मग मीच टॉवेल काढला, दार उघडलं. वास नव्हताच, ठमे. नुसती धूळ. कधी गेला कोण जाणे. मी आपली रिकाम्या खोलीला पहारा देत बसले.

उंबऱ्यावरच बसकण मारली. मुलीने झाडू मागितला. दाढीवाला खिडकीशी झटापट करू लागला. बाईंनी ह्यांचं पुस्तकं दाबायचं यंत्र पाहून विचारलं, की ह्यावर ते काय करायचे. सांगायला लागले ती थांबलेच नाही, घसा बसला. सहा वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं.

भाडेकरूचं बघू पुढे. जेवणाच्या सुट्टीत खिडकी सोड आणि त्या वाद घालणाऱ्यांत जाऊन बस, माणसं बरी असतात. म्हातारीवर जीव आहे तसा राहू दे.

तुझी आजी

ता. क. खिडकी काही निघाली नाही. दाढीवाला हत्यारं घेऊन येणार आहे. रविवारी चारला येतो म्हणालेत, तिघंही.