निवल्यावर बघू

अण्णा,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मी आता पुण्यात, गाडीच्या इंजिनाचा कारभार बघणाऱ्या कंट्रोल मॉड्यूलवर काम करते. म्हणजे एक बंद डबी, आत हिरवी पाटी, तिच्यावर तांब्याच्या रेघा. ती पाटी कोणत्या मालाची असावी, एवढंच ठरवायचं माझं काम. तुम्ही म्हणाला असता, "एवढ्यासाठी पगार देत्यात व्हय?" देतात.

मध्यंतरी दोन माल समोर होते. दोन्ही काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन दाबून केलेले. एक लगेच मिळणार होता, दुसऱ्यासाठी दोन महिने थांबायचं, आणि गाडीचं नवं मॉडेल तोंडावर आलेलं. लगेच मिळणारा मी कित्येक दिवस भट्टीत ठेवला. त्याला काही झालं नाही. आमचे साहेब म्हणाले, "ताप सोसतोय ना? मग कर सही." खोटं कशाला सांगू, मी करणारच होते.

पण त्या दिवसापासून कळंबचं तुमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान डोक्यातून जाईना. मी अकरावीत आहे, तुमचा डबा घेऊन आलेय. तुम्ही वार्निश आणायला गेलाय. नुकतीच नवी तार भरलेली विहिरीवरची मोटर एकदा चालवून बाजूला ठेवलीय, आणि एक शेतकरी घायकुतीला आलाय, "चारला लाईट जाती, पोरी, दे की." मी म्हणते, झालीय, न्या. तो मोटर उचलतोय तेवढ्यात तुम्ही दारात. मोटर खाली ठेवून घेतलीत, तिच्यावर माझा हात धरून टेकवलात. चटका बसला. "निवली का? मग झाली कसं म्हणलीस? तापल्यावर समदंच टिकतं. निवताना कळतंय." मग तीनदा तापवलीत, तीनदा निववलीत. तो माणूस बाकावर धुसफुसत बसला, मी डबा न देताच रडत घरी गेले. तुमचा लई राग आला होता.

तापवून गार करायची चाचणी आमच्याकडेही आहे, पण ती डबी तयार झाल्यावर, अगदी शेवटी. तोवर माल मागवून मोकळे. मी सही थांबवली आणि नुसती पाटीच यंत्रात घातली. तापव, गोठव, पुन्हा तापव. साहेब आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. शेवटी पाटी कापून भिंगाखाली धरली. रेझिन जाडीत फुगतं, तांबं तेवढं फुगत नाही. पाटीच्या वरच्या-खालच्या रेघा जोडणारी बारीक भोकं असतात, त्यांतलं तांब्याचं अस्तर तडकलं होतं. असली गाडी तापली की रस्त्यात बंद पडते आणि निवली की शहाण्यासारखी चालू होते. मेकॅनिकला काही सापडत नाही, आणि आत बसलेली माणसं घाटात अडकतात. आम्ही दोन महिने थांबलो.

परवा मोठ्या बैठकीत माझं कौतुक झालं. वरच्या साहेबांनी विचारलं, "नुसती पाटीच आधी तपासावी, हे सुचलं कुठून?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, एका परदेशी मासिकात लेख वाचला होता.

असा कुठलाही लेख मी वाचलेला नाही, अण्णा.