आईच्या पायासाठी कॅमेरा

रविवार, ९ मार्च

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, कोणाला काही झालेलं नाही. फोनच केला असता, पण आपल्या घरात फोन म्हणजे जाहीर कार्यक्रम. मी बोलायला लागले की आई आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज बारीक करते आणि नंतर मला माझीच वाक्यं ऐकवते. म्हणून लाँड्रीत बसून लिहिते आहे. रविवारी धुलाईची मशिनं बंद असतात, काउंटरवर मी एकटीच आणि मागे इस्त्री करून टांगलेले लोकांचे कोट.

तुला एक विचारायचं आहे. स्वस्तातला डिजिटल कॅमेरा घ्यायचाय, रोजच्या वापराचा. कोणता घेऊ?

हसू नकोस, मला या वयात हौस सुचलेली नाही. आईच्या पायाला अंगठ्याच्या बाजूला चपलेनं फोड आला होता, त्याची जखम अजून भरत नाहीये. तिची साखर तुला माहीतच आहे. तिला जिने उतरवून दवाखान्यात न्यायचं म्हणजे दोघींचाही सगळा दिवस जातो. म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज पट्टी बदलताना फोटो काढा, मला आणून दाखवा, त्यावरून मी औषध सांगते. फोनवर काढून पाठवणं किती सोपं! पण आई ऐकेल तर ना. "फोनमध्ये गेलेलं काही आपलं राहत नाही. माझा सडका पाय गावभर फिरायला नको." पुष्कळ समजावलं, शेवटी हात टेकले. कॅमेरा तिला चालतो, कारण तो "कोणाशी बोलत नाही". त्यातलं कार्ड पर्समधून नेऊन दवाखान्यातल्या कॉम्प्युटरला लावायचं, असं ठरलंय.

तेव्हा तो एका हातानं चालवता आला पाहिजे, कारण दुसऱ्या हातात पाय असतो. जवळचं स्पष्ट दिसायला हवं. खोलीत उजेड बेताचाच, आणि फ्लॅश उडाला की आई पाय ओढून घेते. मला पक्षी टिपायचे नाहीत आणि सिनेमाही काढायचा नाही. स्वस्त म्हणजे खरोखरच स्वस्त हं. "ताई, थोडे आणखी घाल" असं तू म्हणशील, तर ते थोडे माझ्याकडे नाहीत.

तू दिवसभर कॅटलॉगसाठी किटल्या आणि पंख्यांचे फोटो काढतेस, तुला हे चुटकीसरशी सांगता येईल. मी पायाचं कळवलं हे मात्र आईला कळू देऊ नकोस. "तिची नोकरी नवी आहे, तिच्या जिवाला घोर लावू नकोस," असं तिनं मला बजावलंय. आणि गेल्या खेपेला निघताना तू म्हणालीस ना, की ताईला सगळं स्वतःच्याच हातात ठेवायचं असतं, ते माझ्या लक्षात आहे. राग नाही. फक्त कॅमेऱ्याचं कळव.

तुझी,
ताई


शनिवार, २२ मार्च

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. मी एक कॅमेरा विचारला आणि तू मला परीक्षेचा पेपरच काढून पाठवलास! तरी वाचलं सगळं. दुकानदार मोठमोठे आकडे सांगेल त्यांना भुलायचं नाही. बटणं अशी हवीत की न बघता सापडतील. बॅटरी कुठेही मिळणारी असावी. आणि पांढरा कागद पर्समध्ये घेऊन जायचा, दुकानातच त्याचा फोटो काढायचा आणि पांढरा पांढराच येतो का बघायचं. मग आपल्या तळहाताचा काढून रेषा दिसतात का तेही बघायचं.

घेतला बाई एकदाचा. वापरलेला आहे, पण ठाकठीक. लहानसा, करडा, माझ्या मुठीत मावतो. लाँड्री बंद करून गेले तेव्हा पाय नुसते ठणकत होते. दुकानात खुर्ची होती, तीवर बसले ती बसलेच. काउंटरवरच्या माणसानं दोन-तीन कॅमेरे पुढे ठेवले आणि त्यातल्या एका कॅमेऱ्यानं माझाच फोटो काढून दाखवला. ठमे, मी चक्क तरुण दिसत होते! डोळ्यांखालचं काळं गायब, कपाळावरच्या आठ्या गायब. "बघा मावशी, कॅमेरा माणूस ओळखतो," म्हणाला. मावशी म्हटल्याचाही राग आला नाही. तोच घेतला. तुझा कागद पर्समध्येच राहिला, आता ओरडू नकोस.

फोटो छान येतात. कोपऱ्यात एक चांदणी उमटते, फोटो नीट आला की उमटत असावी. आई आधी स्क्रीनवर बघते, मग म्हणते, "सुधारतंय की गं." डॉक्टरीणबाईही खूश आहेत, तेच औषध चालू ठेवा म्हणाल्या. त्यांच्याकडे रांग केवढी असते, पण माझं कार्ड लावून लगेच बघतात.

आई थोडं कमी जेवते आहे, उकाड्यानं असेल. पट्टी बदलायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण ती पाय नीट टेकू देत नाही. बाकी माझं तेच, सकाळी पट्टी, मग लाँड्री, मग स्वयंपाक, मग पुन्हा पट्टी. काल एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच कोट दिला. त्यानं तो घालून पाहिला, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

मी येऊ का, असं विचारलंयस. एवढ्यासाठी कशाला येतेस? नवी नोकरी सांभाळ.

तुझी,
ताई


सोमवार, ३१ मार्च

प्रिय ठमे,

काल तुला दोनदा फोन आला आणि कोणी बोललं नाही, तो माझाच होता, हॉस्पिटलातल्या फोनवरून. तू "हॅलो, कोण?" म्हणालीस आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. म्हणून लिहिते आहे. कुरियरवाला उद्या दुपारपर्यंत पोचवतो म्हणालाय.

आई हॉस्पिटलात आहे. कसं झालं ते सांगते.

शुक्रवारी मी नेहमीसारखी कार्ड घेऊन गेले, या वेळी कॅमेराही हातात होता. डॉक्टरीणबाई फोटो बघत होत्या, बघता बघता थांबल्या. म्हणाल्या, "टाचेला एकही भेग नाही? या वयात? हा पाय तुमच्या आईचाच आहे ना?"

आपल्या आईच्या टाचा, ठमे! चादरीचे धागे अडकायचे त्या भेगांमध्ये. लहानपणी आपण तिच्या पायावर पाय ठेवला की टोचायच्या. आणि फोटोत ती टाच लहान बाळाची असावी तशी, गुळगुळीत, गुलाबी.

त्यांनी माझ्या हातून कॅमेरा घेतला आणि बटणं दाबून पाहिली. ती चांदणी म्हणजे चेहरा सुंदर करायची सोय होती. दुकानदारानं माझा फोटो काढताना लावली ती तशीच राहिली. कातडीचा रंग दिसला की तो डबा त्यावरचे डाग पुसतो, काळं असेल ते उजळतो. मी रोज आईची जखम सुंदर करून डॉक्टरांना नेऊन दाखवत होते.

डॉक्टरीणबाई रांग तशीच सोडून माझ्याबरोबर घरी आल्या. त्यांनी पट्टी सोडली. अंगठा काळा पडलाय, शेजारचं बोटही. लाली घोट्यापर्यंत चढली आहे. शेजाऱ्यांनी आईला खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं.

कॅमेऱ्याच्या नावानं खडे फोडून मोकळी झाले असते. पण तुला खोटं सांगणार नाही. लाँड्रीत कोणी डाग पडलेला शर्ट आणला की तो आधी दारात नेऊन उजेडात बघायचा, मगच घ्यायचा, हा माझाच नियम आहे, नव्या मुलींना मीच शिकवते. परक्याच्या शर्टासाठी मी दारापर्यंत जाते आणि आईचा पाय एकदा खिडकीशी नेला नाही. मला काळं दिसत होतं, ठमे. पाय हाताला गरम लागत होता. मग मी स्क्रीनकडे बघायची आणि तिथे सगळं बरं असायचं. मला तेवढंच हवं होतं. इतकी दमले होते, की कोणीतरी "बरं आहे" म्हणावं, मग तो करडा डबा का असेना. डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं मी.

हे सगळं आईला सांगितलं. रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "ठणकत होतं गं. तुझा चेहरा बघायची आणि गप्प बसायची." म्हणजे दोघी एकमेकींना सांभाळत बसलो आणि पायाकडे कोणीच पाहिलं नाही.

आता ऐक. पुढचा अर्धा पाय काढावा लागेल. गुरुवारपर्यंत काढला तर टाच वाचते, तिला आधार घेऊन चालता येईल. त्यापुढे गेलं तर गुडघ्यापासून काढावा लागेल, आणि तेही निभावलं तर. आई सही करत नाही. सर्जन समजावून गेले, डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, मी पाया पडले. तिचं एकच, "इतके दिवस सगळ्यांनी फोटो बघितले आणि सुधारतंय म्हणाले. आता सगळे कापा म्हणतात. मी कोणाचं खरं मानू? ठमीला बोलवा. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाय बघावा आणि सांगावं. ती म्हणाली तर देते सही."

माझ्यावर तिचा विश्वास राहिला नाही, असं ती म्हणत नाही. म्हणायची गरजही नाही.

मी तुला येऊ नकोस म्हटलं होतं, दरवेळी म्हणते. तू आलीस की घरात मोठ्यानं हसतेस, आईला चिडवतेस, ती तुझ्या हातून दोन घास जास्त खाते, आणि मला वाटतं, रोजचं मी करते आणि कौतुक हिचं. हे इतकं क्षुद्र आहे की लिहितानाही लाज वाटते. पण या वेळी मी आईसाठी बोलावत नाही असं नाही, आणि फक्त आईसाठी बोलावते असंही नाही. कोणीतरी येऊन ही हॉस्पिटलातल्या सामानाची पिशवी माझ्या हातातून घ्यावी, मला म्हणावं, "ताई, तू बस," असं फार वाटतं. दुसरं कोण म्हणणार आहे मला?

नोकरीचं काय करायचं ते तू बघ. साहेबांना काहीही सांग.

सोबत एक फोटो ठेवला आहे. आज सकाळी वॉर्डातल्या खिडकीशी काढला, ती चांदणी बंद करून, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला. आईला विचारूनच पाठवते आहे. म्हणाली, "ठमीला पाठव, ती काही परकी नाही." बघ आणि निघ. बघवला नाही तर न बघता निघ, पण गुरुवारच्या आत ये.

तुझी वाट बघणारी,
ताई