नमुना क्रमांक ११७ची बरणी

प्रति,
मा. उपसंचालक,
जिल्हा जैविक नमुना परीक्षण केंद्र,
साक्री रस्ता, धुळे.

अर्जदार : अभिमन तोताराम बाविस्कर, प्रयोगशाळा सहायक, डीएनए कक्ष. मूळ राहणार मु. पो. पहूर, ता. जामनेर, जि. जळगाव.

विषय : नमुना क्र. ११७/२०२३ नष्ट न करता त्यातून सुरक्षितपणे डीएनए काढण्याची परवानगी मिळणेबाबत. तसेच नमुना कक्षाच्या खिडकीत सापडलेल्या भाकरीबाबत खुलासा.

संदर्भ : १) नमुने नष्ट करण्याच्या यादीसह आपले पत्र, दि. ९ मार्च २०२६.
२) अर्जदारास मिळालेला मेमो, दि. ११ मार्च २०२६.
३) अर्जदाराचे यापूर्वीचे सहा अर्ज. पोच आहे, उत्तर नाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करतो की, हा त्याचा सातवा अर्ज आहे. आधीचे सहा अर्ज नियमाप्रमाणे एका पानात बसवले होते. त्यांचे काय झाले हे आपणास ठाऊक आहे. म्हणून या वेळी सारे पहिल्यापासून लिहिले आहे. लांबीबद्दल क्षमा असावी.

१. अर्जदाराची नोकरी सत्तावीस वर्षांची. त्यातली पंचवीस वर्षे जळगावी ऊतिपरीक्षणाच्या कामात गेली. तिथे शरीराचा तुकडा हाती आला की पहिले काम एकच, तो फॉर्मालिनमध्ये बुडवणे. घरात दूध आले की बायका आधी तापवायला ठेवतात, मग बाकीचे बघतात, तसे ते. उशीर झाला की तुकडा सडतो, आणि सडलेल्यात डॉक्टरांना रोग दिसत नाही. पंचवीस वर्षांत अर्जदाराच्या हातून एकही नमुना सडला नाही. याचा त्याला अभिमान होता. होता, असे तो मुद्दाम लिहितो.

२. सप्टेंबर २०२३मध्ये साक्री तालुक्यात पांझरेच्या पात्रात एका पुरुषाचे प्रेत मिळाले. पाण्यात बरेच दिवस राहिल्याने चेहरा उरला नव्हता. शवविच्छेदनात मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून मिठाच्या पाण्यात घातला आणि ओळख पटवण्यासाठी आपल्या केंद्राकडे पाठवला. तोच नमुना ११७. प्रेत बेवारस म्हणून पुरण्यात आले. पुढे साक्रीच्या डोंगराकडच्या एका पाड्यावरून बिजलीबाई वेस्ता मालचे ही बाई पोलिसांकडे आली. तिचा मुलगा बबलू त्या पावसाळ्यात घरून निघाला तो परतला नव्हता. ताडून पाहण्यासाठी तिचे रक्त घेतले. ते रक्त आजही व्यवस्थित आहे. बरणीतल्या तुकड्यातून डीएनए निघाला की दोन्ही जुळवायचे, आणि हो किंवा नाही सांगायचे. काम एवढेच होते.

३. जानेवारी २०२४मध्ये त्याची बदली आपल्या केंद्रात झाली. दि. १५ जानेवारीला नमुन्यांची कपाटे लावताना त्याला ११७ची बरणी दिसली. पाणी गढूळ, तळाशी मिठाचा थर. त्याला वाटले, कोणीतरी घाईत साधे खारे पाणी भरून मोकळे झाले. जिवाचा संताप झाला. त्याने कोणालाही न विचारता मीठपाणी ओतून दिले, तुकडा स्वच्छ धुतला आणि बरणी फॉर्मालिनने काठोकाठ भरली. त्या दिवशी तो समाधानाने घरी गेला.

४. दि. ३० जानेवारीला कक्षाच्या वैज्ञानिक अधिकारी हेमांगी मॅडम यांनी बरणी पाहिली आणि त्या खुर्चीवर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी शांतपणे समजावले. तळाशी मीठ दिसते म्हणजे पाणी हवे तितके खारट आहे, आणि त्यातच डीएनए टिकतो. फॉर्मालिन मांस टिकवते, पण डीएनएचे धागे एकमेकांत बांधून टाकते आणि हळूहळू तोडते. अजून वेळ गेलेली नाही, असेही त्या म्हणाल्या. तुकडा बाहेर काढून दोन-तीन दिवस पुन्हा पुन्हा धुवायचा, बारीक करायचा, प्रथिने विरघळवणाऱ्या द्रावणात उबेला ठेवायचा, मग फिनॉल आणि क्लोरोफॉर्मने डीएनए वेगळा करायचा. फिनॉल अंगावर पडले तर कातडी भाजते आणि आधी कळतही नाही. क्लोरोफॉर्म नाकात गेले तर माणूस गुंगतो. म्हणून हे सारे वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात, म्हणजे हूडमध्ये, पंखा चालू ठेवूनच करायचे. अर्जदार म्हणाला, आत्ताच करू. मॅडमनी पंख्याच्या बटणाकडे बोट दाखवले. बटणावर लाखेचे सील होते.

५. ते सील पाच दिवसांपूर्वी लागले होते. हूडच्या वाफा बाहेर सोडणारा नळ जिथे निघतो त्याच्या शेजारी आपल्या नव्या सभागृहाची खिडकी आहे. दि. २५ जानेवारीच्या आढावा बैठकीत पाहुण्यांच्या चहाला औषधाचा वास आला. त्यावर आपण आदेश काढला की, नळ गच्चीच्या वर नेईपर्यंत पंखा चालवू नये. त्यानंतर चार दिवसांनी सुरक्षा समितीचा आदेश निघाला की, पंखा चालू असल्याशिवाय फॉर्मालिनची कोणतीही बरणी उघडू नये. दोन्ही आदेशांवर आपलीच स्वाक्षरी आहे. दोन्ही आपापल्या जागी रास्त आहेत. अर्जदाराची त्यांपैकी एकाविषयीही तक्रार नाही. फक्त त्या दोन्हींच्या मध्ये ती बरणी सव्वादोन वर्षे उभी आहे आणि आत रोज थोडे थोडे तुटते आहे.

६. नळ वर नेण्यास नऊ फूट नळ लागतो. इमारत शाखेने कळवले की नळ हा यंत्राचा भाग आहे. यंत्र पुरवणाऱ्यांनी कळवले की भिंतीबाहेरचा नळ इमारतीचा आहे. भिंतीतल्या तुकड्याची जबाबदारी कोणीच घेतली नाही. शेवटी अर्जदाराचा भाचा किरण, ज्याचे पाचोऱ्याला फॅब्रिकेशनचे दुकान आहे, त्याने मापाचा नळ करून टेम्पोतून पाठवला. मुख्य लिपिक बन्सीलाल नाना यांनी तो फाटकातच अडवला, कारण खाजगी वस्तू शासकीय भिंतीला लावता येत नाही. नानांचा दोष नाही, नियम तसाच आहे. तो नळ फाटकाबाहेर निंबाखाली पडून आहे. बिजलीबाई येते तेव्हा त्याच्यावर बसते.

७. नमुना दुसरीकडे पाठवूनही पाहिला. बाहेरगावच्या एका प्रयोगशाळेने सील न फोडता तो परत केला. कागदावर मीठपाणी, बरणीच्या चिठ्ठीवर फॉर्मालिन, तेव्हा हा तो नमुनाच नव्हे, असा शेरा आला. अर्जदाराने लेखी दिले की फरक त्याच्या हातून झाला आहे. त्यावर उत्तर आले की, असे असेल तर आधी अर्जदाराची चौकशी पूर्ण व्हावी, मग नमुना घेऊ. अर्जदाराने स्वतःची चौकशी व्हावी म्हणून दोन अर्ज केले. ते संदर्भ ३मधल्या सहांत आहेत. चौकशीची मागणी खुद्द अपराध्याकडून आल्याने ती कोणत्या टेबलाने घ्यावी हे ठरत नाही, असे तोंडी कळले. इथे अर्जदाराने हात टेकले.

८. आता भाकरीचा खुलासा. पाड्यावरची जीप साक्रीच्या बाजाराच्या दिवशीच निघते. त्या दिवशी बिजलीबाई साक्रीला येते, तिथून एस.टी.ने धुळ्याला, आणि दुपारच्या गाडीपर्यंत निंबाखाली बसते. लावणी-कापणीचे दिवस सोडले तर ती चुकलेली नाही. भेट देणाऱ्यांच्या रजिस्टरात तिचा अंगठा सत्त्याण्णव वेळा आहे. ती भांडत नाही, रडत नाही. एकच विचारते, "भाऊ, त्या बाटलीमा मना बबलू शे का नही, तेवढं सांग." बबलूची बायको उषा एकदा सोबत आली होती. तिच्या माहेरचे तिला दुसरे घर बघायला निघालेत. ती अर्जदाराला म्हणाली, "आबा, कुंकू लावू का पुसू, मना तरी निकाल लावा."

बिजलीबाई येताना दोन नागलीच्या भाकरी आणते. एक स्वतः खाते, दुसरी अर्जदाराच्या हातात देते आणि म्हणते, "त्याले दे. भुक्या ऱ्हास." पहिल्यांदा अर्जदाराने तिला समजावले की प्रयोगशाळेत अन्न न्यायला सक्त बंदी आहे, ते जिवाला अपायकारक आहे. तिने ऐकून घेतले आणि पुढच्या खेपेस पुन्हा दिली. मग तो ती नमुना कक्षाच्या खिडकीत, पण काचेच्या बाहेरच्या बाजूने, ठेवू लागला. संध्याकाळी पक्ष्यांना घालायचा. दि. १० मार्चला तो विसरला आणि भाकरी सापडली. सुरक्षा नियमाचा भंग झाला हे त्याला मान्य आहे. जी शिक्षा होईल ती मान्य आहे.

९. हेही नोंदवून ठेवतो की, मागल्या दिवाळीनंतर अर्जदाराने न राहवून तिला खरे सांगितले. मीठपाणी त्याने ओतले, उशीर त्याच्यामुळे होतो आहे, आणि कदाचित आता त्यातून काहीच निघणार नाही. तो बोलता बोलता रडला. सरकारी आवारात, ड्यूटीवर. ती ऐकत होती. मग तिने विचारले, ते औषध कशासाठी टाकले होतेस? तो म्हणाला, सडू नये म्हणून. त्यावर ती म्हणाली, "तू त्याले सडू दिधं नही ना? मंग रडस कसाले?" आणि भाकरी पुढे केली. महोदय, त्या दिवसापासून अर्जदाराला झोप नाही.

१०. आपल्या दि. ९ मार्चच्या यादीनुसार दोन वर्षांवरील न तपासलेले नमुने ३१ मार्चपर्यंत नष्ट करायचे आहेत. अनुक्रमांक १४वर नमुना ११७ आहे. 'नष्ट करणार' या रकान्यात अर्जदाराचे नाव आहे. यादी करणाऱ्याने काही मनात ठेवून ते लिहिले नसेल, कक्षात सहायक एकच आहे.

सबब विनंती की,

(अ) एका रविवारपासून सलग चार दिवस, सभागृहात बैठक नसताना, पंख्याचे सील काढावे. हेमांगी मॅडम तयार आहेत. हातमोजे, चष्मा, मास्क, सारे आहे. डीएनए निघेलच असे त्याही सांगत नाहीत. निघाला तर निघाला.

(ब) ते शक्य नसल्यास नमुना नष्ट करण्याचे काम तरी दुसऱ्या कोणाला द्यावे.

(क) तेही शक्य नसल्यास, येत्या बाजाराच्या दिवशी बिजलीबाईला काय सांगायचे ते आपण लेखी कळवावे. तिला वाचता येत नाही, अर्जदार वाचून दाखवील. स्वतःच्या मनाने सांगायचे त्याला धाडस नाही. स्वतःच्या मनाने त्याने एकदाच एक गोष्ट केली, ती वर परिच्छेद ३मध्ये आहे.

उत्तराची वाट पाहणारा आपला आज्ञाधारक,

(सही)
अभिमन तोताराम बाविस्कर
धुळे, दि. १७ मार्च २०२६

सोबत :
१. आपले परस्परविरोधी दोन आदेश, छायांकित प्रती.
२. बाहेरगावच्या प्रयोगशाळेचा शेरा व नंतरचे उत्तर, प्रती.
३. भेट देणाऱ्यांच्या रजिस्टरातील अंगठ्यांची पाने, बावीस.
४. नागलीची भाकरी, एक. आजच दिलेली आहे. प्रयोगशाळेत ठेवण्यास मनाई असल्याने आपल्याकडे पाठवीत आहे. कृपया पोच द्यावी, ती बाई विचारील, त्याने खाल्ली का.