चार वाजताचं पाणी

२ एप्रिल
आले बाई एकदाची नाशिकला! इंदिरानगरात तिसरा मजला, मला वेगळी खोली, पंखा आणि बाथरूमला तीन-तीन नळ. सोडला की धो धो पाणी! आमच्या सुरगाण्याकडे या दिवसांत विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीनं हंडा भरावा लागतो. मी दोनदा अंघोळ केली. लय भारी.

काम सोपं आहे. मंगलाबाई, रिटायर शिक्षिका. दोन्ही किडन्या निकामी. लघवी होतच नाही, म्हणून प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार गंगापूर रोडला डायलिसिस. पाणी दिवसाला अर्धा लिटर, बस्स. त्यांचा मुलगा अमितदादा सकाळी बाटली भरून देतात. वजन किती, पाणी किती, ते मी या वहीत मांडायचं. दादा आकडेच तेवढे बघतात, म्हणून खालच्या कोऱ्या जागेत मी माझं लिहिणार.

८ एप्रिल
वजन ५५.६. दोन दिवसांत साडेतीन किलो वाढ! मशीननं तेवढं पाणी ओढलं तेव्हा पायात गोळे आले आणि बाई किंचाळल्या. घरी येऊन चोर सापडला. ओला टॉवेल चोखतात! मी बाथरूमला कुलूपच घातलं. दादा म्हणाले, मैना, तू कडक आहेस ते बरं.

बाई एका घोटासाठी रडतात. मला कीव येत नाही, उलट संताप येतो. आमच्या बायका एका हंड्यासाठी चार तास बसतात, त्या रडतात का? मी त्यांच्यासमोर तांब्या तोंडाला लावला आणि सावकाश, घटाघटा प्यायले. त्या माझ्या गळ्याकडेच बघत होत्या. मला हसूच आलं.

१८ एप्रिल
दुपारी बाईंना धाप लागली. पाणी मागत होत्या. बाटलीत शंभर मिली शिल्लक होतं, पण ते चारचं. मी म्हटलं, चार वाजता. तोंड उघडं ठेवून त्या घड्याळाकडे बघत राहिल्या. पावणेचारला गेल्या. माझा घसा कोरडा पडला होता, ते शंभर मिली मीच प्यायले.

दादांनी विचारलं, शेवटी आईच्या तोंडात पाणी घातलंस ना? मी हो म्हटलं. ते माझ्या पाया पडले.

२० एप्रिल
तेराव्यापर्यंत राहा म्हणाले दादा. राहिले. पण ही कसली तहान! सकाळपासून पाच तांबे झाले, तरी जीभ टाळूला चिकटते. कालपासून लघवी नाही. काट्यावर उभी राहिले. आले तेव्हा ४९ होते. आज ५३.

२२ एप्रिल
५७. पाय सुजलेत. बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. जाग आली तेव्हा तोंडात टॉवेलचं टोक होतं. बाईंचा टॉवेल. तो तर मी स्वतः फेकला होता—

२३ एप्रिल
दादांनी उचलून गंगापूर रोडला नेलं. डायलिसिसच्या स्नेहा सिस्टर म्हणाल्या, दोन्ही किडन्या गेल्या. इतक्या लवकर कशा, त्यांनाही कळेना. बाईंच्याच बेडवर घेतलं. गोळे आले. मी पण किंचाळले.

पाणी दिवसाला अर्धा लिटर. दादा म्हणाले, घाबरू नको, आता मी बघतो तुझं. देवमाणूस.

२४ एप्रिल
सिस्टरला माझे आकडे दाखवायला वही न्यायची म्हणून दादा दारात उभे आहेत. ही वही.
अगं आई गं. ही वही—

२५ एप्रिल
दादांनी वही परत दिली. अठरा तारखेचं पान उघडून.
बाथरूमला कुलूप. खोलीला बाहेरून कडी. धाप लागतेय. पायात बळ नाही.
दादा समोर खुर्चीत बसलेत. बाटलीत शंभर मिली. हात जोडले. म्हटलं, चुकले, एक घोट—
चार वाजता, म्हणाले.
आणि तांब्या तोंडाला लावला. सावकाश.
घड्याळात पावणेच—